देवाने वेगळं केलंय म्हणजे नक्की काय, आणि तो ऐकतो हे कशावरून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेयर मीटिंग संपली, सगळे निघाले की एखादा माणूस मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, ते हे प्रश्न. बरेचसे तेच तेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उत्तरं काही सारख्या लांबीची नाहीत, काहींना दोन ओळी पुरतात आणि काहींवर तासभर बोललं तरी कमीच.

हा "वेगळं करण्याचा" विषय येतो कुठून?

बायबलमध्ये बऱ्याच ठिकाणी आहे, पण प्रार्थनेशी त्याची थेट गाठ बांधलीय ती स्तोत्रसंहितेतल्या चौथ्या स्तोत्रात, तिसऱ्या वचनात. दावीद राजा म्हणतो (माझ्या शब्दांत सांगतो) की एवढं समजून असा, परमेश्वराने आपल्या भक्ताला स्वतःसाठी वेगळं काढून ठेवलंय, आणि मी हाक मारली की तो ऐकणार. क्रम बघा हां, वेगळं करणं आधी आणि ऐकणं नंतर. आपण नेमकं उलटं धरून बसतो, की माझी प्रार्थना ऐकली गेली तर मी देवाचा, नाही ऐकली तर बहुतेक नाही. दावीद म्हणतो मी त्याचा आहे, म्हणून तो ऐकतो. या पेजवरची अर्धी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

आणि हे तो कोणाला ऐकवतोय? जे त्याची अब्रू घालवायला निघालेत त्यांना. शांत बसून लिहिलेलं नाहीये ते, चांगलंच टेन्शन चालू आहे.

हे दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडाच्या वेळचं स्तोत्र आहे ना?

तिसऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात तसं स्पष्ट लिहिलंय, चौथ्याच्या मथळ्यात नाही. तिथे फक्त मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर, दावीदाचं स्तोत्र एवढंच आहे. दोन्ही शेजारी आहेत, दोन्हीत झोपेचा उल्लेख आहे म्हणून पुष्कळ लोक जोडून वाचतात, वाचा की, फक्त त्यावर हट्ट नको.

मला देवाने वेगळं केलंय म्हणजे मी बाकीच्यांपेक्षा स्पेशल आहे का?

स्पेशल म्हणजे व्हीआयपी असं डोक्यात असेल तर नाही. गणना नावाचं पुस्तक लोक याद्या आल्या की सोडून देतात, पण त्या याद्यांमध्येच याचं उत्तर आहे. इस्राएलमधल्या प्रत्येक प्रथम जन्मलेल्या मुलाच्या बदली देवाने लेवी वंश स्वतःसाठी घेतला. लेवी भरले २२,००० आणि प्रथम जन्मलेले मुलगे भरले २२,२७३, मग वरचे जे २७३ उरले त्यांच्यासाठी माणशी ५ शेकेल भरून हिशोब पूर्ण केला. इतकं मोजून मापून वेगळं काढलेले लोक हे. आता त्यांना काम काय मिळालं बघा. लेवींची कुळं तीन, कहाथ, गेर्षोन आणि मरारी. कहाथाच्या लोकांनी कोश, दीपवृक्ष, वेद्या खांद्यावर न्यायच्या, म्हणजे त्यांना गाडी पण नाही. गेर्षोनाच्या लोकांकडे पडदे आणि कनाती, त्यांना २ गाड्या आणि ४ बैल. आणि मरारीच्या लोकांकडे काय, तर निवासमंडपाच्या (म्हणजे तंबूतल्या फिरत्या मंदिराच्या) फळ्या, अडसर, खांब, बैठका, मेखा आणि दोऱ्या, त्यांना ४ गाड्या आणि ८ बैल. वर सूचना अशी की कोणी काय उचलायचं ते नाव घेऊन नेमून द्या.

म्हणजे विचार करा, एका माणसाला देवाने आपल्यासाठी राखून ठेवलाय आणि त्याच्या वाट्याला आल्यात तंबूच्या मेखा. तळ उठला की उपटायच्या, मोजायच्या, गाडीत भरायच्या, पुढच्या मुक्कामाला परत ठोकायच्या. मला हा भाग फार आवडतो. वेगळं केलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेज आणि माईक येतो, पण या माणसाला पवित्रस्थानातल्या वस्तूंजवळ जायची सुद्धा परवानगी नव्हती, आणि तरी त्याच्याशिवाय तो मंडप उभा राहत नव्हता.

वेगळं केलंय तर मग माझ्यावर संकटं कमी यायला नकोत का?

कधी कधी तसं होतंही. मिसर देशात गोमाश्यांची पीडा आली तेव्हा देवाने गोशेन प्रांत बाजूला काढला, तिथे एक माशी नाही. पण हा नियम म्हणून धरला की फसायला होतं. यिर्मया संदेष्ट्याला देव सांगतो की तू आईच्या पोटात घडायच्या आधीपासून मी तुला ओळखतो, जन्मायच्या आधीच तुला वेगळं केलंय. याच्यापेक्षा जास्त वेगळं कोणी काय असणार. आणि हाच यिर्मया ३८व्या अध्यायात एका विहिरीत टाकला जातो जिथे पाणी नाही, नुसता चिखल, आणि तो त्यात रुततो. त्याला बाहेर काढलं एबद-मलेख नावाच्या कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) माणसाने, जो राजवाड्यात नोकर होता. राजाची परवानगी काढून, ३० माणसं घेऊन तो आधी राजवाड्यातल्या भांडाराखालच्या खोलीत गेला, जुनी फाटकी कापडं गोळा केली, ती दोरीने खाली सोडली आणि वरून सांगितलं की ही काखेत ठेव, म्हणजे दोर काचणार नाहीत. मग ओढला.

देवाने काय केलं विचारलं तर एवढंच दिसतं, एक परका माणूस आणि काखेतल्या चिंध्या. वेगळं केल्यामुळे यिर्मयाची विहीर टळली नाही, पण विहिरीत तो एकटा पडला नाही. कोणाला हे उत्तर कमी वाटेल. मला कमी वाटत नाही, पण जो आत्ता चिखलात आहे त्याच्यावर मी हे लादणार पण नाही.

मी काही एवढा पवित्र वगैरे नाहीये, माझ्या डोक्यात काय काय चालतं ते मलाच माहीत. मला कसं काय वेगळं केलं असेल?

करिंथकरांचं पहिलं पत्र काढा. प्रेषित पौल सुरुवातीलाच त्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, ख्रिस्तात पवित्र केलेले लोक म्हणतो. आणि पुढे वाचत गेलं की एकेक बाहेर येतं, यांच्यात गटबाजी, हे एकमेकांना कोर्टात खेचतात, एकाने बापाच्याच बायकोला ठेवलंय आणि मंडळी वर ताठ्यात, आणि प्रभुभोजनाला एक उपाशी बसलाय तर दुसरा झिंगलाय. अशा लोकांना उद्देशून ती पहिली ओळ आहे. पौलाला हे सगळं लिहायला घेतानाच माहीत होतं, नंतर कळलं असं नाही.

इब्री लोकांस पत्राच्या १०व्या अध्यायात दोन्ही बाजू अगदी जवळजवळ येतात, १०व्या वचनात येशूच्या अर्पणाने आपण पवित्र झालोय असं आहे, म्हणजे काम झालं, आणि १४व्या वचनात पवित्र होत असलेल्यांबद्दल बोललंय, म्हणजे काम चालू आहे. आपण चालू असलेल्या कामाकडे बघून झालेल्या कामावर शंका घेतो.

म्हणजे कसंही जगलं तरी देव ऐकणारच?

असं कुठे म्हटलंय? त्याच करिंथकरांना पौलाने पुढे सोलून काढलंय. आणि आमोस ३:२ वाचा, देव इस्राएलला म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुमच्याशीच ओळख ठेवली, म्हणूनच तुम्हाला शिक्षा करीन. "तरी"च्या जागी "म्हणूनच" आहे हे नीट बघा.

प्रार्थना अडते कुठे हे बायबल बऱ्यापैकी नावानिशी सांगतं. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो तुम्ही कितीही प्रार्थना करा मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरलेत, आणि लगेच पुढे उपाय पण सांगतो, पोरक्याला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. नीतिसूत्रे २१:१३ म्हणतं जो गरिबाच्या आरोळीला कान बंद करतो त्याने स्वतः आरोळी मारली तर त्यालाही उत्तर मिळणार नाही. आणि एक वचन जे पुरुषांच्या मीटिंगमध्ये सहसा निघत नाही, १ पेत्र ३:७, बायकोशी समजुतीने राहा, तिला मान द्या, कारण ती जीवनाच्या कृपेची तुमच्याबरोबर वारस आहे, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. सकाळी तिच्यावर खेकसून संध्याकाळी उपास-प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी हे वचन एकदा मोठ्याने वाचावं, बस.

पण हे उलटं पण लावू नका. प्रार्थनेचं उत्तर आलं नाही म्हणजे घरात लपलेलं पाप आहेच, असा शोध घेत फिरणारे लोक असतात, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पण तेच करत होते आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

प्रार्थना केल्यावर मला काहीच फील होत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मग ऐकली हे कळणार कसं?

फीलिंगवरून कळत नाही, हे आधी मान्य करून टाका, निम्मं ओझं उतरतं. हन्नाचं घ्या. मूल नाही, सवत टोमणे मारते, नवरा चांगला आहे पण त्याला कळत नाही, म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का (पुरुषांचं हे उत्तर किती जुनं आहे बघा). ती शिलोला देवाच्या मंदिरात रडत प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज नाही. दारापाशी बसलेला एली याजक तिच्या तोंडाकडे बघत राहतो आणि त्याला वाटतं ही दारू पिऊन आलीय. म्हणजे ज्याचं कामच प्रार्थना ओळखणं त्यालाही ती ओळखता आली नाही. नंतर गैरसमज दूर होतो, तो म्हणतो शांतीने जा, देव तुझी विनंती मान्य करो, आणि पुढे लिहिलंय की ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही.

तेव्हा शमुवेल, म्हणजे तिला पुढे झालेला मुलगा, पोटात पण नव्हता! काहीही बदललेलं नव्हतं, सवत तीच, घर तेच. फक्त तिने ते ओझं ठेवलं आणि उठली. भरवसा दिसायला असाच असतो, साधा, की माणूस उठून जेवतो.

ऐकतो तर लगेच उत्तर का देत नाही?

कधी लगेचच देतो. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि तुझं मरण जवळ आलंय हा निरोप देऊन निघालेला यशया अजून मधल्या अंगणातून बाहेर पण पडला नव्हता तर देवाने त्याला परत पाठवला, जा सांग, ऐकली, आणखी १५ वर्षं दिली.

यिर्मयाला मात्र लोकांनी विचारलं की आम्ही मिसरला जाऊ की इथेच राहू, देवाला विचारून सांग, तर उत्तर यायला १० दिवस लागले. तो यिर्मया, संदेष्टा, तो सुद्धा १० दिवस लोकांना आज नाही आलं उद्या बघू असं सांगत राहिला असणार. आणि एवढं थांबून उत्तर आलं ते लोकांनी ऐकलंच नाही, ही आणखी एक गंमत.

दानीएलाचं तर सगळ्यात वेगळं. तीन आठवडे शोक केला, चांगलं खाल्लं नाही, आणि शेवटी जो दूत आला तो म्हणतो पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकले गेले, पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने मला २१ दिवस अडवलं. याचा सगळा अर्थ काय यावर लोक मोठमोठे तक्ते काढतात, मी त्यात पडत नाही. माझ्यासाठी एवढं पुरे की पहिल्या दिवशी ऐकलं गेलं आणि दानीएलाला ते २१ दिवस माहीत नव्हतं. उशीर झाला म्हणजे ऐकलं नाही, हे गणित इथेच मोडतं.

ऐकणं म्हणजे मी मागितलेलं देणं, असंच ना?

नाही, आणि या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे कारण बहुतेक लोक विश्वास इथेच सोडतात.

गेथशेमाने, येशूला पकडलं ती रात्र. येशू तीनदा प्रार्थना करतो की हा प्याला टळू दे, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. प्याला टळला नाही, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. आता इब्री ५:७ बघा, तिथे लिहिलंय की त्याने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत, मरणातून वाचवू शकणाऱ्याकडे प्रार्थना केली आणि त्याच्या सद्भक्तीमुळे ती ऐकण्यात आली. ऐकण्यात आली! तो मेला आणि तरी लेखक म्हणतो ऐकली. उत्तर मरणाच्या अलीकडे आलं नाही, पलीकडे आलं, तिसऱ्या दिवशी. आणि याच्यापेक्षा जास्त वेगळा केलेला, पित्याचा लाडका दुसरा कोण होता? त्याच्या बाबतीत ऐकणं आणि टळणं ही एक गोष्ट नव्हती, तर आपल्या बाबतीत ती एकच असावी हा आग्रह आपण कशाच्या जोरावर धरतो.

पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर आलं, स्पष्ट आलं, की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. हे उत्तरच आहे, उत्तर न येणं नाही.

अजून एक, बायबलच्या बाहेरचं. संत ऑगस्टिनची आई मोनिका वर्षानुवर्षं मुलासाठी रडून प्रार्थना करत होती. ३८३ साली त्याने कार्थेजहून रोमला जायचं ठरवलं, ती म्हणाली जाऊ नको, मागे लागली, तर याने तिला थाप मारली आणि ती किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर देवाला विनवत असताना हा जहाजात बसून निघून गेला. सकाळी तिची काय अवस्था झाली असेल. पण तो तिथून पुढे मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोजचं ऐकायला लागला आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्याने स्वतः लिहून ठेवलंय की त्या रात्री देवाने आईने तेव्हा मागितलेलं दिलं नाही, ती कायम जे मागत आली होती ते देण्यासाठी. जहाज थांबलं असतं तर तिची त्या रात्रीची प्रार्थना ऐकली असं सगळे म्हणाले असते.

हे सगळं मागून वळून बघताना दिसतं हां. मोनिकाला त्या सकाळी फक्त रिकामा किनारा दिसला होता, त्यामुळे कोणी नुकतंच काही गमावलंय तर त्याला ही गोष्ट लगेच ऐकवायला जाऊ नका.

एकाच मंडळीत एकाची प्रार्थना ऐकली जाते आणि दुसऱ्याची नाही, हे अन्याय नाही का?

प्रेषितांची कृत्ये, १२वा अध्याय. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. मग पेत्राला पकडलं, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्याला, दोन साखळ्या. मंडळी प्रार्थना करते, दूत येतो, पेत्र सुटतो. याकोबासाठी त्यांनी प्रार्थना केलीच नसेल असं मला तरी वाटत नाही. बायबल कारण देत नाही. याकोबाचा विश्वास कमी होता असं एक अक्षर नाही, पेत्र जास्त लाडका होता असंही नाही. दोघंही येशूच्या सगळ्यात जवळच्या तीन शिष्यांतले. मी पण कारण देणार नाही, जे देतात त्यांच्यापासून जरा जपून.

मला सांगितलं गेलं की तुझा विश्वास कमी पडला म्हणून बरं झालं नाही.

ज्याने सांगितलं त्याला त्याच १२व्या अध्यायाचा उरलेला भाग वाचायला द्या. सुटलेला पेत्र दार ठोठावतो, रोदा नावाची मुलगी आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि जे लोक त्याच्याचसाठी प्रार्थना करत बसलेत ते तिला म्हणतात वेड लागलंय तुला. मग म्हणतात त्याचा दूत असेल. उत्तर दारात उभं आणि प्रार्थना करणारे आत वाद घालतायत. एवढ्या विश्वासावर पेत्र सुटला. आजारी माणसाला विश्वासाचे मार्क देत बसणं मला क्रूरपणा वाटतो, स्पष्टच सांगतो.

मी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही / मी चर्चला जात नाही. वेगळं केलेल्यांत मी नसेन तर माझं ऐकेल?

हाक मारून बघा की. कर्नेल्य हा रोमी शताधिपती होता, इस्राएलचा नाही, बाप्तिस्मा नाही, आणि दूत त्याला सांगतो तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोचलेत. मग त्याने योप्पाला माणसं पाठवून पेत्राला बोलवायचं. म्हणजे ऐकणं आधी सुरू झालं आणि त्यातूनच तो आत आला.

अब्राहामाची दासी हागार हिच्या मुलाची, इश्माएलाची गोष्ट त्याहून जुनी. वचनाचा वारस इसहाक, इश्माएल नाही, त्याला आईसकट घरातून काढलंय, पाणी संपलंय, आईने त्याला झुडपाखाली ठेवलाय आणि स्वतः लांब जाऊन बसलीय कारण बघवत नाही. आणि देवाने मुलाचा आवाज ऐकला, तो जिथे आहे तिथून. निवडलेल्या वंशात नसलेल्या पोराचा. तेव्हा देवाने कोणाला वेगळं केलंय याचा अर्थ बाकीच्यांसाठी त्याचे कान बंद आहेत असा मी कधीच काढणार नाही.

मी जे केलंय ते माफ होण्यासारखं नाही.

मनश्शे राजा, ५५ वर्षं राज्य. हिन्नोमाच्या खोऱ्यात स्वतःची मुलं होमात टाकली, मंदिरात मूर्ती ठेवली. कैद होऊन बाबेलला गेला आणि तिथे संकटात नम्र होऊन प्रार्थना केली, आणि २ इतिहास ३३ म्हणतं देवाने त्याची विनंती ऐकली. त्याच्या पापांचे परिणाम मात्र पुढच्या पिढ्यांनी भोगले, ते पुसले गेले नाहीत. क्षमा आणि परिणाम वेगवेगळे चालतात.

पास्टरांची प्रार्थना जास्त पोचते का?

नाही. याकोब (हा वेगळा, वर तलवारीने मारला गेलेला नव्हे) आपल्या पत्रात एलीया संदेष्ट्याचं उदाहरण देताना मुद्दाम म्हणतो की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. आजारी असाल तर मंडळीच्या वडीलजनांना बोलवा हे तो सांगतोच, पण एकमेकांसाठी प्रार्थना करा हे पण लगेच सांगतो. पास्टरांना जरूर सांगा, ते मंडळीचं काम आहे, पण दर वेळी त्यांनाच फोन करायचा आणि स्वतः दोन शब्द बोलायचे नाहीत, हे बरं नाही. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा हे इब्री ४:१६ मध्ये सगळ्यांनाच सांगितलंय.

किती वेळ करायची? मोठ्याने करायची का?

कर्मेल डोंगरावर बाल नावाच्या दैवताचे ४५० संदेष्टे सकाळपासून ओरडत होते, एलीयाची प्रार्थना दोन वचनांत संपली. नहेम्याला राजाने विचारलं तुला काय हवंय, आणि प्रश्न आणि उत्तराच्या मधल्या फटीत त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली, राजासमोर उभ्या उभ्या. मात्र त्याच्या आधी जवळपास चार महिने तो उपास आणि प्रार्थना करत होता हे विसरू नका, छोटी प्रार्थना त्या चार महिन्यांवर उभी होती.

तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली तर अविश्वास होतो का?

होत नाही. येशू गेथशेमानेत तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द बोलला असं मत्तयाने लिहिलंय.

मग थांबायचं कधी?

पौल तीनदा मागून थांबला कारण उत्तर मिळालं. दावीदाचं मूल आजारी होतं तेव्हा तो सात दिवस जमिनीवर पडून उपास करत होता, मूल गेल्यावर उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, आधी देवाच्या मंदिरात गेला आणि मग जेवला. नोकरांना कळेना हे काय. तो म्हणाला जिवंत होतं तोवर वाटलं न जाणो देव दया करील. दार उघडं आहे तोवर मागत राहा, बंद झालं की रडा, आणि रडून झालं की जेवा, यापेक्षा जास्त नियम मला तरी माहीत नाही.

देवावर राग आला तर?

त्यालाच सांगा. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चारदा विचारलंय, कुठवर. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुती वगैरे काही नाही, आणि ते तसंच ठेवलंय, कोणी गोड शेवट चिकटवला नाही. चौथ्या स्तोत्रात दावीद म्हणतो संतापा पण पाप करू नका, बिछान्यावर पडून मनाशी बोला आणि गप्प राहा. यातलं "संतापा पण पाप करू नका" हे पौलाने इफिसकरांना लिहिताना घेतलंय.

रात्री चिंतेने झोप लागत नाही, तेव्हा काय?

चौथं स्तोत्र मोठ्याने वाचा, आठच वचनं आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले त्यात झोपण्याआधीच्या प्रार्थनेला रोज हे स्तोत्र, ९१वं आणि १३४वं अशी तीन लावून दिली, म्हणजे लोक शेकडो वर्षं याच शब्दांवर झोपत आलेत. वाचून झोप लागेलच अशी गॅरंटी नाही. खूप दिवस चालू असेल तर डॉक्टरकडे पण जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

शब्दच सुचत नाहीत.

रोमकरांस ८:२६, आत्मा स्वतः मध्यस्थी करतो, शब्दांत न सांगता येणाऱ्या उसाशांनी. गप्प बसून राहा.

शेवटी "येशूच्या नावात" म्हणायला विसरलो तर प्रार्थना वाया जाते का?

येशूने स्वतः शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत ते शब्द नाहीत. त्याच्या नावात म्हणजे त्याच्या भरवशावर, ते मनात असू द्या. म्हणायची सवय चांगलीच आहे.

वेगळं व्हायचं म्हणजे जुने मित्र, नोकरी सगळं सोडायचं का?

येशूने योहान १७ मध्ये पित्याला सांगितलं की यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही, वाइटापासून राख. पौल पण म्हणतो जगातल्या पापी लोकांशी अजिबात संबंध नको म्हटलं तर तुम्हाला जगातूनच जावं लागेल. काही गोष्टी सोडाव्या लागतील, तुम्हाला त्या माहीत असतात, विचारायला यावं लागत नाही. पण जखऱ्याच्या पुस्तकाचा शेवट मला फार आवडतो, तिथे येणाऱ्या दिवसाबद्दल लिहिलंय की घोड्यांच्या गळ्यातल्या घंटांवर परमेश्वराला पवित्र असं लिहिलेलं असेल, जे आधी फक्त महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर असायचं, आणि यरुशलेमातलं प्रत्येक मडकं पवित्र असेल. घोडे आणि मडकी! म्हणजे दिशा ही आहे, की रोजच्या वापरातलं सगळंच हळूहळू त्याचं व्हायचं.

कोणाला "तुझ्यासाठी प्रार्थना करतो" म्हटलं आणि विसरून गेलो. असं फार वेळा होतं.

सगळ्यांचंच होतं. शमुवेल लोकांना म्हणाला होता की तुमच्यासाठी प्रार्थना करायची सोडून देऊन मी देवाचा अपराधी होणार नाही, म्हणजे त्याच्यासाठी ते नुसतं बोलायची पद्धत म्हणून नव्हतं. सोपा मार्ग म्हणजे म्हणण्याच्या ऐवजी तिथल्या तिथेच करायची, फोनवर असाल तर फोनवर, दोन वाक्यं, त्या माणसाचं नाव घेऊन. आणि पंधरा दिवसांनी त्याला विचारायचं की त्याचं पुढे काय झालं.